ऐकून घेणारी बैठक

इंग्रजीत ज्याला 'बुलीइंग' म्हणतात, त्यासाठी मराठीत एकच एक शब्द नाही. दांडगाई आहे, दादागिरी आहे, दमदाटी, टवाळी, खोड काढणे, चिडवणे, छळ हेही आहेत. पण यातील प्रत्येक शब्द त्या अनुभवाचा एकेक कोपराच धरतो. दांडगाईत हात उचलला जातो, टवाळीत तोंड चालते. मात्र पाच मुलींनी मिळून सहावीशी बोलणेच बंद केले, तिच्या शेजारचे बाक रिकामे ठेवले, तर त्याला काय म्हणायचे? 'वाळीत टाकणे' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. पण तो आपण गावासाठी आणि जातपंचायतीसाठी राखून ठेवला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. वर्गातल्या वाळीत टाकण्याला मात्र अजून नावही नीट मिळालेले नाही. परिणाम असा, की मूल घरी येऊन 'ते मला चिडवतात' एवढेच सांगते आणि घरातून ठरलेले उत्तर मिळते: 'मग तूही चिडव', नाहीतर 'लक्ष देऊ नकोस'. तेथेच बोलणे संपते.

ज्याला घरात सांगता आले नाही, शिक्षकांना सांगितले तर आणखी त्रास होईल अशी भीती वाटली, तो बहुधा एखाद्या मित्राजवळच मन मोकळे करतो. पुष्कळदा ते अनेक वर्षांनी होते. अशा बोलण्यासाठी मित्रमैत्रिणींची एक बैठक मुद्दाम बोलवायची झाल्यास ती कशी बोलवावी, त्यात काय करावे आणि काय टाळावे, याविषयीचे हे टिपण आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे; त्यातील बरेचसे इतरत्रही लागू पडावे.

भांडण आणि छळ

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे. दॅन ओल्वेउस हे मूळचे स्वीडनचे आणि नंतर नॉर्वेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ. शाळेतील छळाचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात त्यांनी सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर प्रमाण मानल्या जातात: इजा करण्याचा हेतू, पुनःपुन्हा घडणे, आणि दोन बाजूंच्या बळात असलेली तफावत. हे बळ अंगातले असेल, संख्येचे असेल, वयाचे, पैशाचे, जातीचे किंवा नुसत्या लोकप्रियतेचेही असेल. नॉर्वेच्या उत्तर भागात १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आपले जीवन संपविले. शाळासोबत्यांचा छळ हे त्यामागचे संभाव्य कारण असल्याचे पुढे आले, तेव्हा तो देश हादरला आणि १९८३ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. ओल्वेउस यांचा बर्गेनमधील शालेय कार्यक्रम त्यातूनच उभा राहिला.

तिसरी खूण आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. महाराष्ट्रात २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरून भांडणारे दोन शेतकरी समोरासमोर बसवून समेट घडविण्याची ही पद्धत बांधाच्या भांडणाला ठीक आहे. छळाला ती लावू नये. तेथे दोन पक्ष समान नसतात. ज्याला आठ महिने टोमणे मारले गेले त्याला टोमणे मारणाऱ्याच्या शेजारी बसवून 'झाले गेले विसरा, हात मिळवा' असे सांगितले, की हात मिळविला जातो आणि दुसऱ्या दिवशी छळ अधिक चोरून, अधिक हुशारीने सुरू होतो. आपली बैठक ही मिटवामिटवीची बैठक नाही, हे यजमानाने निमंत्रण देतानाच मनात पक्के करावे.

दुसरी गोष्ट पाहणाऱ्यांची. कॅनडात टोरोंटो येथील शाळांच्या मैदानावर मुलांचे वर्तन चित्रित करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या प्रसंगांपैकी ८८ टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती. मध्ये पडली ती केवळ १९ टक्के प्रसंगी. मात्र जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. दहा सेकंद! फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये या पाहणाऱ्यांच्याही तऱ्हा दाखवून दिल्या: छळणाऱ्याला साथ देणारे, हसून त्याला बळ देणारे, तटस्थ राहणारे आणि बाजू घेणारे. मित्रांची बैठक उपयोगी का पडते, याचे उत्तर येथे आहे. त्या खोलीत बसलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी ना कधी यातली प्रत्येक भूमिका केलेली असते.

घोडनदी ते दौंड

भीमेच्या एका बाजूला शिरूर, दुसऱ्या बाजूला दौंड. नकाशावर शेजारी असलेले हे दोन तालुके स्वभावाने मात्र निराळे. घोड नदीच्या काठचे शिरूर, ज्याला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात, अहिल्यानगर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे स्थिरावली. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. रेल्वे कर्मचारी आणि राज्य राखीव पोलीस दलाचे जवान यांची बदलीची कुटुंबे येथे नेहमीची. कुरकुंभला रासायनिक कारखाने, पाटसला साखर कारखाना, केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे. शिरूरकडे न्हावऱ्याचा साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुले काही महिन्यांपुरती जवळच्या शाळेत बसतात किंवा बसतच नाहीत.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की या भागात छळाचे निमित्त होणारा 'वेगळेपणा' शोधावा लागत नाही. बोलीचा हेल वेगळा, आडनाव वेगळे, डबा वेगळा, वर्षाच्या मध्यावर आलेला प्रवेश. हिंदीभाषक मुलाच्या मराठीला हसतात आणि तोच हसणारा मुलगा बारावीनंतर पुण्याच्या महाविद्यालयात गेला, की त्याच्या 'गावठी' मराठीला आणि अडखळत्या इंग्रजीला इतर हसतात. दौंडहून रोज गाडीने पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर डब्यातील जागा धरणाऱ्यांची दादागिरीही सोसावी लागते. तो सव्वाशे-दीडशे किलोमीटर जाऊन-येऊन घरी पोचतो तेव्हा कोणाशी बोलण्याचे त्राण उरत नाही. वसतिगृहात राहणाऱ्याची अडचण उलटी. त्याला छळणारे संध्याकाळीही त्याच खोलीत असतात. आणि हातात मोबाइल आल्यापासून घरी पोचलेल्याचीही सुटका राहिलेली नाही.

जातीचा उल्लेख टाळून चालणार नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला, तो याच तालुक्यात. अशा ठिकाणी आडनाव विचारून केलेली थट्टा 'थट्टा' म्हणून सोडून देता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शाळेत वेगळ्या तरटावर बसावे लागल्याचे आणि शिपाई नसेल तर पाणीही न मिळाल्याचे लिहून ठेवले आहे. छळाला प्रत्येक वेळी दांडगट मुलगाच लागतो असे नाही, नियम आणि रीतही तो करू शकतात, हे त्यावरून कळते.

त्रासलेल्यांना जागा करून देण्याची एक जुनी परंपराही याच मुलखात आहे. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती सदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि स्त्रिया तेथे मोठ्या संख्येने आल्या. आपली सात-आठ जणांची बैठक आणि ते कार्य यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. पण रेल्वेने केडगावावरून रोज जाणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते, असा प्रश्न मनात येतो खरा.

कोणाला, कोठे, केव्हा

'बैठक' या शब्दाचे आपल्याकडे थोडे वांधे आहेत. चौफुल्याच्या आसपास बैठक म्हटले की लावणीची बैठक आठवते, आणि पुरुषमंडळींत 'बसायचे का?' याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. म्हणून निमंत्रण देतानाच स्पष्ट सांगावे: मद्य नाही, पार्टी नाही, शाळेच्या-कॉलेजच्या दिवसांतल्या त्रासाविषयी एकमेकांचे ऐकायचे आहे. विषय लपवून बोलावू नये. 'सहज ये' म्हणून बोलावलेल्या माणसासमोर एकदम हा विषय निघाला, तर तो फसविला गेल्यासारखा होतो, आणि ज्याला फसविले जाण्याचा अनुभव आधीच आहे त्याच्या बाबतीत तर हे अक्षम्य होय. एकेकाला फोन करावा. गटावर सामुदायिक निमंत्रण टाकले की नकार देणाऱ्याचेही नाव सर्वांना कळते.

संख्या सहा ते आठ. दहाच्या वर गेली, की ती सभा होते आणि कोणीतरी भाषण करू लागतो. सगळे साधारण एका वयाचे असावेत. मुलींना वेगळे बसावेसे वाटत असेल तर तसे करावे. त्यात मागासलेपणा काही नाही. वेळ अशी ठेवावी, की परतीची एसटी किंवा गाडी उजेडी मिळेल.

जागेविषयी आमचे मत असे, की घराची बैठकीची खोली ही सर्वांत वाईट जागा. आई चहा घेऊन येते, शेजारी डोकावतात, भाऊ आतल्या खोलीत कान देऊन असतो. त्यापेक्षा शेतावरचे घर, मळ्यातली झाडाची सावली, वाचनालयाची बंद वेळेतील खोली बरी. पौष-माघात या भागात ज्वारी हुरड्यात येते आणि पुण्याचे पाहुणे हुरड्याला येतात. आगटीभोवती बसण्याची ती पद्धत या कामाला फार सोयीची आहे. व्यासपीठ नसते, सगळे एका पातळीवर, हात कणीस चोळण्यात गुंतलेले आणि नजर निखाऱ्यांकडे. ज्याला डोळ्यांत पाहून बोलणे जड जाते त्याला निखाऱ्यांकडे पाहून बोलता येते. हुरडा नसेल तर शेंगा फोडाव्यात, वाटाणे सोलावेत. खाण्याचा मुख्य कार्यक्रम मात्र बोलणे झाल्यानंतर ठेवावा. पोट भरल्यावर माणसे पेंगतात किंवा विनोद सांगतात.

दोन-अडीच तास पुरे. केडगावकडे गुऱ्हाळे पुष्कळ आहेत; चर्चेचे आणखी एक उघडण्याची गरज नाही.

बैठकीतील रीत

सुरुवातीला यजमानाने तीन-चार गोष्टी सांगाव्यात आणि सर्वांकडून होकार घ्यावा. एकजण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही. ज्याला बोलायचे नाही त्याने नुसते बसावे, त्याला कोणी आग्रह करणार नाही. मोबाइल टोपलीत, ध्वनिमुद्रण नाही, छायाचित्र नाही, 'आजची सुंदर संध्याकाळ' असे गटावर टाकणे नाही. येथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. या शेवटच्या नियमाला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

आग्रह नको, हे केवळ शिष्टाचार म्हणून सांगत नाही. मोठा धक्का बसलेल्या माणसाला लगेच एका बैठकीत सगळे तपशीलवार बोलायला लावले की तो मोकळा होतो, अशी समजूत अनेक वर्षे होती. अशा एकवेळच्या सत्रांवरील चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने आढावा घेतला, तेव्हा या पद्धतीचा लाभ होतो असे आढळले नाही. काही चाचण्यांत तर त्रास वाढल्याचे दिसले. तेव्हा 'सगळे बाहेर काढ, हलके वाटेल' हे वाक्य यजमानाने विसरून जावे. जेवढे सांगितले जाईल तेवढेच पुरेसे.

प्रश्न विचारायचेच झाले तर थोडे आणि साधे. 'का केले त्यांनी असे?' हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर छळ सोसणाऱ्याकडे नसते आणि तो ते स्वतःतच शोधू लागतो. 'तेव्हा आजूबाजूला कोण होते?', 'कोणी काय केले असते तर बरे वाटले असते?', 'आता आमच्याकडून काही हवे आहे का?' हे तीन प्रश्न पुष्कळ काम करतात. दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर बहुधा अगदी लहान असते. कोणीतरी डबा खाताना शेजारी बसायला हवे होते. कोणीतरी हसायला नको होते.

काही वाक्ये तोंडून निसटतात ती आधीच ओळखून ठेवावीत. 'एवढेच ना?' 'आमच्या वेळी तर याहून भयंकर होते.' 'त्यामुळेच तर तू एवढा खंबीर झालास.' यातले तिसरे वाक्य स्तुतीच्या वेषात येते म्हणून अधिक लागते. सल्ला देण्याची घाईही नको. आपल्याकडे ऐकणे हे बोलण्याच्या पाळीची वाट पाहणे असते. एकाने सांगितले, की दुसरा लगेच 'माझे तर ऐक' म्हणून सुरू होतो. दोघांच्या मध्ये अर्धा मिनिट कोणीच बोलू नये, असा नियम करून पाहावा. अर्धा मिनिट फार मोठा वाटतो.

दहावीच्या बॅचचा मेळावा

अलीकडे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या वर्गमित्रांचे स्नेहमेळावे भरतात. मोबाइलवरील गटांमुळे वीस-पंचवीस वर्षांनी माणसे पुन्हा एकत्र येतात. सरांचा सत्कार, जेवण, गाणी. शिरूर-दौंडकडेही हे नित्याचे झाले आहे. या मेळाव्यांत एक गोष्ट हमखास होते: जुनी टोपणनावे बाहेर येतात. जाड्या, काळ्या, बुटक्या, बोबड्या. हाक मारणाऱ्याला ती जिव्हाळ्याची वाटते. ज्याला मारली जाते तो चाळिशीचा माणूस, बायकामुलांसमोर, हसतो. पुढच्या वर्षी तो येत नाही. गटावरही शांत असतो. 'त्याला आता वेळ नसतो' असे इतर म्हणतात.

अशा गटातून आपल्या बैठकीची सुरुवात होऊ शकते, आणि खरे तर तीच अधिक खरी होईल. गैरहजर राहणाऱ्याला एकट्याने भेटून, त्याची इच्छा विचारून, त्याला हव्या त्या तिघा-चौघांसह बसावे. मेळाव्याच्या दिवशी, माइकवर, हा विषय काढू नये.

येथे अवघड प्रश्न येतो: ज्याने त्रास दिला तोही मित्रांपैकीच असेल तर? पहिल्या बैठकीस त्याला बोलावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला वाईट वाटेल, वाटू द्यावे. पुढे जर त्याला क्षमा मागायची असेल, तर ती एकांतात, पत्राने किंवा भेटून, समोरच्याने परवानगी दिल्यावर मागावी. सर्वांसमोर मागितलेली क्षमा ही समोरच्यावर टाकलेली सक्ती होते. टाळ्या वाजविण्यास तयार बसलेल्या दहा जणांपुढे 'नाही, मी क्षमा करत नाही' असे म्हणण्याची सोय नसते. क्षमा मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे असेही नाही. आणि सोसणारा व देणारा एकच माणूस असल्याचेही पुष्कळदा आढळेल. आठवीत मार खाल्लेला मुलगा वसतिगृहात वरच्या वर्षाला गेल्यावर स्वतः हात उचलतो. तो हे सांगू लागला, तर त्याचेही तितक्याच शांतपणे ऐकावे.

ब्रिटनमध्ये बार्बरा मेन्स आणि जॉर्ज रॉबिन्सन यांनी १९९० च्या दशकात शाळांसाठी एक पद्धत मांडली. शिक्षक आधी छळ सोसणाऱ्या मुलाशी एकट्याने बोलतो. मग छळणारे, पाहणारे आणि मित्र अशा सहा-आठ मुलांना त्याच्याशिवाय बोलावतो, त्याला काय वाटते ते सांगतो, दोष कोणालाच देत नाही आणि 'तू काय करशील?' एवढे प्रत्येकाला विचारतो. आठवड्याने पुन्हा प्रत्येकाला भेटतो. दोष न देण्याच्या या पद्धतीवर तेथे बरीच टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. गंभीर मारहाणीला किंवा लैंगिक छळाला ती चालणार नाही. पण सातवी-आठवीच्या वर्गातील बोलणे बंद करण्यासारख्या प्रकारांत एखाद्या शहाण्या वर्गशिक्षिकेने ती जरूर करून पाहावी. शाळकरी मुलांची बैठक मोठ्या माणसाशिवाय मात्र घेऊ नये.

गुप्ततेचा अपवाद

अठरा वर्षांखालील कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होत असल्याचे बैठकीत कळले, तर ते पोटात ठेवता येत नाही. 'पॉक्सो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशी माहिती असणाऱ्या व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून 'काहीही सांग, कोणाला कळणार नाही' असे वचन यजमानाने कधीही देऊ नये. 'तुझ्या जिवाला धोका आहे असे वाटले किंवा कायद्याने सांगणे भाग असले, तरच सांगेन आणि तुला आधी कळवीन' असे म्हणावे.

बोलताना कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे सुचविले, तर विषय बदलू नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे; विचारल्याने ते विचार मनात येतात ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासातील एका माणसाला बोलवावे. 'टेली मानस' ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ते कागदावर लिहून सर्वांना आधीच द्यावेत, म्हणजे ज्याला हवे त्याला मागावे लागत नाहीत.

कायदा काय देतो

महाराष्ट्राने रॅगिंगला मनाई करणारा कायदा १९९९ मध्येच केला. तो केवळ वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांपुरता आहे, हा गैरसमज दूर व्हावा. त्यातील शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत वसतिगृह, अनाथालय आणि शिकवणी वर्गही येतात आणि संस्थाप्रमुखांत मुख्याध्यापकांचाही समावेश आहे. रॅगिंगची व्याख्याही रुंद आहे: शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लाज किंवा अवघडलेपणा निर्माण करणारे वर्तन, चिडवणे, शिवीगाळ, धमकी, आचरट थट्टा हे सर्व त्यात आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी विद्यार्थ्यास काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने दुर्लक्ष केले तर त्याने गुन्ह्यास साह्य केले असे मानले जाते. हे शेवटचे कलम पालकांना क्वचितच ठाऊक असते.

हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय विद्यार्थी अमन काचरू याचा मार्च २००९ मध्ये रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी महाविद्यालयांसाठी नियम काढले आणि १८००-१८०-५५२२ ही मदतसेवा सुरू झाली. २०१६ च्या दुरुस्तीने रंग, जात, धर्म, लिंगभाव, रूप, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण आणि आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळही रॅगिंगमध्ये धरला. दौंडहून पुण्यात शिकायला गेलेल्याला 'गावठी' म्हणून सतत हिणवणे आता नियमांच्या कक्षेत येते. शाळेतील शिक्षकाकडूनच त्रास असेल, तर शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम मुलास शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. जातीवरून अपमान झाला असल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. समाजमाध्यमांतील त्रासाबाबत जुन्या लेखांत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमाचा उल्लेख आढळतो. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले आहे. खासगी अवयवांची चित्रे संमतीविना काढणे वा पसरविणे यासाठीचे ६६ ई कलम मात्र लागू आहे.

कायदा असून भागत नाही, हे डॉ. पायल तडवी यांच्या प्रकरणात दिसले. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगावकडील आदिवासी समाजातील या डॉक्टरचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून गुन्हा दाखल झाला. आपल्याला होणारा त्रास त्यांनी घरच्यांना सांगितला होता, असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे. म्हणजे बोलले गेले होते.

बैठकीनंतर

दुसऱ्या दिवशी यजमानाने प्रत्येकाला फोन करावा. ज्याने सर्वांत जास्त सांगितले त्याला 'आपण उगीच बोललो' अशी रुखरुख लागलेली असते. त्याला आधी करावा. फोनवर कालच्या प्रसंगाची उजळणी नको, 'नीट पोचलास ना, झोप लागली का' एवढे पुरे.

छळ आजही चालू असेल, तर मित्रांनी वाटून घेण्याजोगी कामे असतात. एकाने गाडीत सोबत करावी, एकाने मधल्या सुट्टीत शेजारी बसावे. सूड म्हणून चौघांनी जाऊन त्याला 'समजावणे' हा पर्याय कोणीतरी सुचवतोच. त्याला तेथल्या तेथे नकार द्यावा, कारण त्यानंतर पोलिसांच्या लेखी आरोपी आपला मित्र होतो. त्याऐवजी वहीत नोंद ठेवावी: तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले, कोण हजर होते. मोबाइलवरचे संदेश रागाने पुसून टाकू नयेत. त्यांची चित्रे काढून ठेवावीत. तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि प्राचार्यांकडे जाताना एकजण बरोबर असावा. कार्यालयातून अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नये, कारण सात दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. ही प्रत तक्रारदाराच्या खोलीत ठेवू नये. मित्रांपैकी जो गावातच राहतो, त्याच्या घरी ठेवावी.